पायथनची लिस्ट, इतकी वर्षं वापरून: उजवं टोक झकास, डावं टोक महाग

५ पैकी ४ स्टार देतेय. एक स्टार का कापला ते पुढे लिहिलंय, पण आधी हे सांगते की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा हातात घेतल्यापासून लिस्ट, म्हणजे अनेक गोष्टी ओळीने ठेवायची रचना, न वापरता लिहिलेला माझा एकही प्रोग्राम मला आठवत नाही, अगदी दहा ओळींच्या स्क्रिप्टमध्येही ती कुठेतरी असतेच, आणि तरी तिच्या आत काय चालतं हे पहिली दोन-तीन वर्षं मी बघितलंच नव्हतं. शिकताना अपेंड (शेवटी जोडणं), इन्सर्ट (हवं तिथे घालणं), पॉप (काढून घेणं), रिमूव्ह (शोधून काढणं), सॉर्ट (क्रमाने लावणं) अशी सगळी मेथड्स, म्हणजे लिस्टवर करायची कामं, एकाखाली एक दिलेली असतात आणि ती वाचून असंच वाटतं की सगळ्यांना वेळही सारखाच लागत असणार. नाही लागत. काही मेथड्सना लिस्टमध्ये १० गोष्टी असोत की १० लाख, काहीच फरक पडत नाही, आणि काही अशा आहेत की लिस्ट दुप्पट झाली की वेळ दुप्पट, आणि त्याच मेथड्स लूपमध्ये टाकल्या की लिस्ट दुप्पट झाल्यावर वेळ चौपट. मी जे वापरते ते सीपायथन, म्हणजे पायथनचं नेहमीचं, सी भाषेत लिहिलेलं रूप, त्यामुळे खाली जे आतले आकडे येतील ते त्याचेच.

नाव लिस्ट असलं तरी ही लिंक्ड लिस्ट नाहीये. डेटा स्ट्रक्चर शिकताना लिस्ट म्हटलं की साखळी डोळ्यासमोर येते, एका कडीत पुढच्या कडीचा पत्ता, तसलं काही इथे नाही. ही सरळसरळ अ‍ॅरे आहे, मेमरीत एक सलग पट्टा, आणि त्या पट्ट्यात तुमच्या वस्तू नाहीत तर वस्तूंचे पत्ते ओळीने मांडलेले, ६४ बिट मशीनवर प्रत्येक पत्ता ८ बाइट्सचा. एवढं एक चित्र डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळायला लागतं, काहीच पाठ करावं लागत नाही. ७०० नंबरच्या इंडेक्सवरचा एलिमेंट (त्या जागेवरची वस्तू) हवाय? पट्टा जिथे सुरू होतो तो पत्ता घ्या, त्यात ७०० गुणिले ८ मिळवा, पोचलात. एक गुणाकार, एक बेरीज. ७ लाखावा हवा असला तरी तेवढंच. यालाच ओ ऑफ वन म्हणतात, आणि मोजणी शून्यापासून का करतात हेही मला याच हिशोबातून पहिल्यांदा पटलं, कारण इंडेक्स म्हणजे नंबर नाहीच, सुरुवातीपासून किती पावलं पुढे जायचं ते अंतर आहे, आणि पहिल्यासाठी शून्य पावलं. उणे १ देऊन शेवटचा मागितला तरी आत फक्त लांबी मिळवून पुढचं तेच गणित होतं. लांबी विचारणारं लेन सुद्धा फुकट आहे, कारण लांबी आत वेगळी लिहूनच ठेवलेली असते, मोजत बसावं लागत नाही. सी मधून आलेल्या लोकांना हे विशेष वाटेल, तिथे स्ट्रिंगची लांबी काढायची तर शेवट येईपर्यंत एकेक अक्षर चालत जावं लागतं.

आता अपेंड, माझा सगळ्यात आवडता भाग. पट्टा सलग आहे म्हटल्यावर प्रश्न येतोच की तो भरला की काय? शेजारची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असू शकते. मग नवीन मोठी जागा मागायची आणि जुने सगळे पत्ते तिथे कॉपी करायचे, म्हणजे हे झालं ओ ऑफ एनचं काम (एन म्हणजे लिस्टची लांबी, ती वाढेल त्याच प्रमाणात वेळ वाढणारं). मग लोक अपेंडला ओ ऑफ वन कसं म्हणतात? तर लिस्ट प्रत्येक वेळी एकेकच जागा मागत नाही, मागताना थोडी जास्तीची घेऊन ठेवते, आणि किती जास्तीची हे लिस्ट किती मोठी आहे त्यावरून ठरतं. पायथन ३.९ पासून रिकाम्या लिस्टमध्ये एकेक करून भरत गेलात तर जागा अशा वाढतात: ४, ८, १६, २४, ३२, ४०, ५२, ६४, आणि पुढे साधारण आठव्या भागाने, म्हणजे साडेबारा टक्क्यांनी. हे स्वतः बघायचं असेल तर सिस मॉड्यूलमधलं गेटसाइझऑफ, म्हणजे वस्तू किती बाइट्स घेते ते सांगणारं फंक्शन, वापरा, ६४ बिटवर रिकामी लिस्ट ५६ बाइट्स दाखवते, एक अपेंड केलं की थेट ८८, दुसरं तिसरं चौथं केलं तरी ८८ च, आणि पाचव्याला १२०. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एकटीच बसून शंभरेक अपेंड करून आकडे बघत होते, इतकं छान वाटलं ते, इतक्या दिवसांत रोज वापरलेली वस्तू पहिल्यांदा उघडून बघितल्यासारखं.

इथे प्रमाणात वाढणं ही खरी कल्पना आहे. समजा दर वेळी ठरावीक १० च जागा वाढवल्या असत्या तर १० लाख एलिमेंट भरेपर्यंत १ लाख वेळा पट्टा हलवावा लागला असता आणि एकूण कॉप्या ५,००० कोटींच्या घरात गेल्या असत्या. आठव्या भागाने वाढवलं की जशी लिस्ट मोठी होते तशी हलवाहलव विरळ होत जाते, आणि वाईटात वाईट हिशोब धरला तरी एलिमेंटमागे सरासरी ८-९ कॉप्या पडतात, मग लिस्ट हजाराची असो की कोटीची. एखादं अपेंड महाग, पण त्याच्या आधीची नंतरची ढीगभर स्वस्त, सगळ्यांवर खर्च वाटून टाकला की प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीकच येतो. याला अमॉर्टाइज्ड म्हणतात, संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ च्या पेपरमध्ये ही पद्धत नीट मांडली. जावाची अ‍ॅरेलिस्ट दीडपटीने वाढते, जीसीसी या कंपायलरमधला सी प्लस प्लसचा व्हेक्टर दुपटीने, म्हणजे तिथे कॉप्या अजून कमी पण रिकामी पडून राहणारी जागा जास्त, पायथनने मेमरीच्या बाजूने झुकतं माप दिलंय एवढाच फरक. पण हो, सरासरी ओ ऑफ वन म्हणजे दर वेळी ओ ऑफ वन नाही, ज्याला प्रत्येक ऑपरेशन ठरलेल्या वेळेतच व्हायला हवंय त्याने हे लक्षात ठेवावं. शेवटून पॉप केलं की तेही असंच स्वस्त, आणि लिस्ट घेतलेल्या जागेच्या निम्म्याहून खाली आली की लिस्ट जागा कमी करायला घेते, धरून बसत नाही.

आता तो कापलेला स्टार.

एका कामासाठी मी प्रोग्राम लिहिला होता, मोठ्या लॉग फाइलमधल्या ओळी लिस्टमध्ये भरायच्या, पुढून एकेक ओळ काढायची, प्रोसेस करायची, आणि एखादी ओळ आत्ता जमत नसेल तर ती परत मागे टाकायची, नंतर बघू म्हणून. म्हणजे रांगच. पुढून काढायला पॉप झिरो, मागे टाकायला अपेंड, किती सोपं, वाचतानाही मराठीत बोलल्यासारखं वाटत होतं. ५०० ओळींवर टेस्ट केलं, पापणी लवायच्या आत झालं. मग खरी फाइल आली, काही लाख ओळींची, आणि प्रोग्राम असा अडकला की मला वाटलं हँगच झाला. त्यात एक गंमत अशी होती की तो सुरुवातीला अगदी रडत चालायचा आणि नंतर नंतर वेग घ्यायचा, म्हणून मी आधी डिस्कवर संशय घेतला, मग रेग्युलर एक्सप्रेशनवर, म्हणजे ओळीत मजकूर शोधायच्या नमुन्यावर, घेतला, अर्धा दिवस रेग्युलर एक्सप्रेशन बदलण्यात घालवला, काही उपयोग नाही. शेवटी सीप्रोफाइल, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन, लावलं आणि सगळ्यात वर लिस्टचं पॉप. माझा विश्वासच बसेना, कारण प्रोसेसिंगचं एवढं अवघड काम खाली आणि नुसती एक वस्तू उचलायचं काम वर.

पण पट्ट्याचं चित्र समोर आणा. पट्टा सलग ठेवायचाय, आणि पहिल्या जागेवरचा काढला तर तिथे भोक पडून चालत नाही, म्हणून मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात. सभागृहात पहिल्या खुर्चीवरचा माणूस उठला म्हणून अख्ख्या रांगेने उठून एकेक खुर्ची सरकायचं, दर वेळी. १ लाख ओळी असतील तर पहिल्या पॉपला ९९,९९९ पत्ते सरकतात, दुसऱ्याला ९९,९९८, असं करत सगळी लिस्ट रिकामी होईपर्यंत साधारण ५०० कोटी पत्ते सरकलेले असतात, ८ बाइट्सच्या हिशोबाने ४० जीबीची उचलठेव, आणि ती सुद्धा काहीच न करता, नुसती जागा बदलायला. २ लाख ओळी केल्या की दुप्पट नाही, चौपट, १६० जीबी. आणि सुरुवातीला हळू नंतर जलद का तेही यातच आलं, लिस्ट जशी लहान होत जाते तसं सरकवायला कमी उरतात. हे मला आधी माहीत असतं तर त्या लक्षणावरूनच रोग कळला असता, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय, तुमचा एखादा लूप जसा संपत येतो तसा वेग घेत असेल तर आधी पॉप झिरो शोधा.

माझी तक्रार आहे ती नावाबद्दल. सरकवावं लागणं ही अ‍ॅरेची जातच आहे, त्याला कोण काय करणार, पण पॉप आणि पॉप झिरो या दोघांचं नाव एकच, दिसणं एकच, कंसात एक शून्य आलं की ओ ऑफ वनचं ओ ऑफ एन झालं आणि वाचणाऱ्याला कशाचाच पत्ता नाही. हेल्प उघडून बघितलं तर तिथे एवढंच येतं की दिलेल्या इंडेक्सवरचा आयटम काढून परत देतो, न दिल्यास शेवटचा. खर्चाबद्दल एक शब्द नाही. अधिकृत ट्युटोरियलमध्ये लिस्ट रांग म्हणून वापरली तर ती हळू पडते असं लिहिलंय, खरंय, पण ते कधीतरी सुरुवातीला वाचलेलं असतं आणि कोड लिहिताना एडिटरमध्ये जे डोळ्यासमोर येतं ते हेल्पचंच वाक्य. तिथे अर्धी ओळ वाढवली असती तर किती जणांचे किती दिवस वाचले असते. इन्सर्टचंही तेच, शून्यावर इन्सर्ट म्हणजे सगळे एकेक जागा मागे सरकणार, आणि तेच इन्सर्ट शेवटी केलं तर काहीच सरकत नाही. मधे कुठे केलं तर त्या जागेच्या उजवीकडे जेवढे असतील तेवढे. म्हणजे किंमत मेथडच्या नावावरून ठरत नाही, उजव्या टोकापासून किती लांब आहात त्यावरून ठरते.

उपाय एका ओळीचा निघाला. कलेक्शन्स मॉड्यूलमधला डेक, पायथन २.४ पासून, म्हणजे २००४ पासून आहे. पॉप झिरोच्या जागी पॉपलेफ्ट, अपेंड होतं तसंच, बाकी कोडला हात लावला नाही. डेक आतून वेगळा बांधलेला आहे, ६४-६४ एलिमेंटचे ठोकळे आणि ते ठोकळे एकमेकांना दोन्ही बाजूंनी जोडलेले, त्यामुळे डावं टोक आणि उजवं टोक दोन्ही सारखीच स्वस्त. मग लिस्ट सोडून सगळीकडे डेकच का नाही? कारण त्याने मधला भाग विकून टोकं विकत घेतलीयत. डेकमध्ये बरोब्बर मधला एलिमेंट इंडेक्सने मागितला तर जवळच्या टोकापासून ठोकळे मोजत जावं लागतं, ओ ऑफ एन. स्लाइसही, म्हणजे इथून तिथपर्यंतचा तुकडा मागणं, करता येत नाही. जे लिस्टमध्ये फुकट ते डेकमध्ये महाग, आणि उलटं, म्हणून आपल्याला काय जास्त वेळा लागणार आहे ते बघून निवडायचं.

दुसरी जागा जिथे मी लोकांना सारखं अडकताना बघते ती म्हणजे इन. एखादी गोष्ट लिस्टमध्ये आहे का हे विचारायला दोन अक्षरं टाइप करायची, इतकं सुंदर, पण आत लिस्टकडे दुसरा काही मार्गच नाही, पहिल्यापासून सुरू करून एकेकाशी तुलना करत जायचं. सापडलं तर सरासरी अर्ध्या रस्त्यात थांबते, नाही सापडलं तर पूर्ण शेवटपर्यंत जाऊन येते, आणि व्यवहारात ‘आधी बघितलंय का’ असं विचारताना बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं म्हणजे दर वेळी पूर्ण फेरी. १ लाख नावांची एक लिस्ट, १ लाखाची दुसरी, पहिल्यातलं प्रत्येक नाव दुसऱ्यात आहे का बघायचं, एकही जुळलं नाही तर १,००० कोटी तुलना. दुसरी लिस्ट एकदा सेटमध्ये, म्हणजे आहे की नाही हे न चाळता सांगणाऱ्या रचनेत, बदलली, त्याला एक फेरी, आणि मग प्रत्येक चौकशी सरासरी ओ ऑफ वन. कोडमध्ये फरक फक्त एका शब्दाचा पडतो आणि इन तर तसंच राहतं, तेच दोन अक्षरांचं. इथे पण तीच तक्रार की समोर लिस्ट आहे का सेट हे ती ओळ वाचून कळत नाही, व्हेरिएबल कुठे बनवलं ते शोधत वर जावं लागतं, म्हणून मी आता सेट असेल तर नावातच लिहिते.

रिमूव्ह म्हणजे शोधणं अधिक सरकवणं. वस्तू पुढेच सापडली तर शोध लवकर संपतो पण मागचे सगळे सरकवायचे, शेवटी सापडली तर सरकवणं नाही पण शोध पूर्ण, म्हणजे काहीही झालं तरी एकूण सगळी लिस्ट चाळलीच जाते. हे लूपमध्ये घालून नको असलेले एकेक काढणं हा सगळ्यात वाईट प्रकार, एन स्क्वेअर (लिस्ट दुप्पट, वेळ चौपट) तर होतंच वर ज्या लिस्टवर फिरतोय तीच लिस्ट पायाखालून सरकत असल्याने मधले एलिमेंट वगळले जातात आणि उत्तरच चुकतं. हवे असलेले उचलून नवी लिस्ट बनवा, लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने एका ओळीत होतं, एक फेरी, संपलं. आणि क्रमाची पर्वा नसेल तर एक युक्ती आहे जी मला फार आवडते, जो काढायचाय त्याच्या जागी शेवटचा एलिमेंट आणून ठेवायचा आणि मग शेवटून पॉप, काहीच सरकत नाही, मधला एलिमेंट ओ ऑफ वनमध्ये गेला. अर्थात तो कुठे बसलाय तो इंडेक्स आधी माहीत पाहिजे.

स्लाइस हे कॉपी आहे, खिडकी नाही. १,००० ते २,००० मागितलं तर हजार पत्ते खरोखर नव्या लिस्टमध्ये कॉपी होतात. एकदा केलं तर काही वाटत नाही, पण पहिला सोडून बाकीची लिस्ट घे असं दर फेरीत करणं म्हणजे पॉप झिरोचंच भावंड, उलट थोडं जास्त वाईट कारण दर वेळी नवी जागाही मागायची. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच परत बोलावणं, शिकवताना हे उदाहरण खूप ठिकाणी देतात, पहिला एलिमेंट अधिक उरलेल्या लिस्टची बेरीज, समजायला छानच आहे, पण सवय लागते ती लागतेच. त्यापेक्षा लिस्ट तशीच ठेवून इंडेक्स पुढे पाठवा, फंक्शनला लिस्ट देताना फक्त पत्ता जातो, कॉपी होत नाही.

जोडण्याचंही असंच. दोन लिस्टमध्ये अधिक चिन्ह टाकलं की तिसरी नवी लिस्ट बनते आणि दोन्ही तिच्यात कॉपी होतात. लूपमध्ये निकाल बरोबर निकाल अधिक नवीन असं लिहिलं की दर वेळी आतापर्यंतचा सगळा निकाल परत कॉपी, पुन्हा एन स्क्वेअर. तेच अधिक-बरोबर लिहिलं किंवा एक्स्टेंड वापरलं तर जुनी लिस्ट जागेवर वाढते आणि खर्च फक्त नव्याचा. एका चिन्हाच्या जागेने एवढा फरक, आणि उत्तर दोन्हीकडे सारखंच येत असल्याने टेस्टमध्येही सापडत नाही. याच कुटुंबातला अजून एक म्हणजे लिस्टच्या लिस्ट सपाट करायला सम वापरणं, दिसायला हुशारीचं वाटतं पण आत तेच अधिक चिन्ह फिरतंय. इटरटूल्समधलं चेन त्यासाठीच आहे.

तक्रारी पुष्कळ झाल्या, आता सॉर्टबद्दल, कारण चारपैकी निदान एक स्टार तरी एकट्या सॉर्टचा आहे. २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी पायथनसाठी जो अल्गोरिदम लिहिला तो टिमसॉर्ट, नंतर जावानेही ऑब्जेक्ट्सच्या सॉर्टसाठी तो उचलला. त्याच्या मागचा विचार मला फार पटतो, खरा डेटा क्वचितच पूर्ण विस्कटलेला असतो, त्यात आधीच चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लागलेले तुकडे असतात, तर ते तुकडे आधी ओळखायचे आणि मग एकमेकांत मिसळायचे. त्यामुळे वाईटात वाईट एन लॉग एन (लॉग एन म्हणजे लिस्ट दुप्पट झाली की फक्त एक पाऊल वाढणारा आकडा, त्याला एनने गुणायचं), पण लिस्ट आधीच क्रमाने असेल तर एका फेरीत, एन वजा १ तुलनांमध्ये, तिला कळतं की काही करायचंच नाहीये. १० लाखांच्या क्रमवार लिस्टच्या शेवटी ५-१० नवे टाकले आणि परत सॉर्ट केलं तरी ते चटकन होतं. वर तो स्थिर आहे, म्हणजे सारख्या किमतीच्या दोघांचा आधीचा क्रम बिघडत नाही, त्यामुळे आधी नावाने आणि मग वयाने सॉर्ट केलं की सारख्या वयाचे लोक नावाच्या क्रमातच राहतात. पायथन ३.११ मध्ये तुकडे कोणत्या क्रमाने मिसळायचे ती पद्धत बदलून पॉवरसॉर्टची घेतली, मन्रो आणि वाइल्ड यांनी २०१८ मध्ये मांडलेली. वापरणाऱ्याला एक अक्षर बदलावं लागलं नाही.

लिस्ट क्रमाने लावलेली असेल तर शोधायला बायसेक्ट वापरा, १० लाखांत साधारण २० तुलनांमध्ये जागा सापडते, दर तुलनेला अर्धी लिस्ट बाद. पण इथे एक फसगत मी बऱ्याच जणांची झालेली बघितलीय, इन्सॉर्टने क्रमवार लिस्टमध्ये नवा एलिमेंट घालणं हे लोक ओ ऑफ लॉग एन समजतात. जागा शोधणं लॉग एन, बरोबर, पण जागा सापडल्यावर घालायचं कसं? सरकवूनच ना. म्हणजे शेवटी ओ ऑफ एन. दर वेळी फक्त सगळ्यात लहान हवा असेल तर हीपक्यू घ्या, घालणं आणि काढणं दोन्ही लॉग एन, आणि तो आत वेगळं काहीच वापरत नाही, आपली साधी लिस्टच वापरतो, फक्त सगळी उचलठेव अशी करतो की घालणं-काढणं नेहमी उजव्या टोकालाच व्हावं.

हे सगळं वाचून कोणी आता लिस्टला हात लावायलाच घाबरेल, तसं नको. ओ ऑफ एन हे वाढ कशी होते ते सांगतं, सेकंद सांगत नाही. पत्ते सरकवायचं काम मेमरीचा सलग तुकडा एकदम हलवून होतं आणि आजचे प्रोसेसर त्यात भलतेच तरबेज आहेत, कॅशची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या जलद मेमरीची, एक ओळ साधारण ६४ बाइट्सची, म्हणजे एका खेपेत ८ पत्ते हातात येतात. २०-३० एलिमेंटच्या लिस्टमध्ये इन वापरायला सेट बनवत बसणं म्हणजे उगाच कोड वाढवणं. मोठ्या आकड्यांवर मात्र लिस्टची दुसरी एक बाजू टोचते, ती म्हणजे जागा. पट्ट्यात पत्ते आहेत, आकडे नाहीत, आणि प्रत्येक साधा लहान आकडा स्वतः २८ बाइट्सचा ऑब्जेक्ट म्हणून मेमरीत दुसरीकडे कुठेतरी बसलेला असतो, म्हणजे १० लाख वेगवेगळे आकडे म्हटले की ८० लाख बाइट्स पत्त्यांचे आणि वर २ कोटी ८० लाख आकड्यांचे. नुसते आकडेच ठेवायचे असतील तर अ‍ॅरे मॉड्यूल किंवा नमपाय ही आकड्यांची लायब्ररी घ्या, तिथे आकडे थेट पट्ट्यातच बसतात. फक्त नमपायचा अ‍ॅरे ठरलेल्या लांबीचा असतो, त्याचं अपेंड नावाचं फंक्शन दर वेळी अख्खा अ‍ॅरे नव्याने कॉपी करतं, लिस्टच्या अपेंडची सवय तिथे नेऊ नका. आधी लिस्टमध्ये भरा, शेवटी एकदाच नमपायमध्ये बदला.

त्या लॉगवाल्या प्रोग्राममध्ये आता डेक आहे. पण त्याच फाइलमध्ये खाली एका ठिकाणी पॉप झिरो अजून तसंच ठेवलंय, तिथे लिस्ट कमांड लाइनवरून आलेल्या आर्ग्युमेंट्सची असते, ४-५ च्या वर कधी जात नाही, आणि त्या ओळीवर मी कॉमेंट लिहिलीय की ही लिस्ट लहान आहे हे माहीत आहे म्हणून चालतंय, मोठी होणार असेल तर बदला.